सावडीनं शिकलेलं क्रियापद

आमच्या नवीन सरांचं खरं नाव नवशा. आईबापांनी नवस करून मागितलेलं पोर. शहापूरला खताच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन त्यानं स्पॅनिशचा क्लास काढला, तेव्हा बोर्डावर नवशा कसं शोभणार, म्हणून नवीन सर झाला. शाळेत माझ्या दोन वर्ग पुढं होता. इंग्रजीच्या तासाला बाकाखाली चिंचा खायचा. तो आता परदेशी भाषा शिकवतो म्हटल्यावर मला आधी हसू आलं, आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन नाव घातलं.

कारण मला भावाच्या घरातून निघायचं होतं. शिक्षणाची आवड, जिद्द, स्वप्नं ही बाकीची कारणं नंतर लोकांनी लावली. मला निघायचं होतं, आणि बोर्डावर लिहिलं होतं की ऐरोलीच्या कंपनीत स्पॅनिश येणाऱ्यांना नोकरी मिळते. स्पॅनिशच्या जागी मांजराची भाषा लिहिली असती तर मी ती पण शिकले असते.

मला मुरबाडला दिलेली. नवरा सुरज, मुरबाड ते कल्याण शेअरची जीप चालवायचा. त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर रोज बसणारी एक बाई हळूहळू आमच्या घरातच येऊन बसली. मी थोडे दिवस वाट बघितली की कोणीतरी तिला उठवेल. कोणी उठवलं नाय, तेव्हा मी उठले, बॅग भरली आणि किन्हवलीच्या बाजूला आमच्या गावी परत आले. भगीरथदादाच्या घरी. घर बापाचंच, पण बाप गेल्यावर ते दादाचं झालं, आणि दादाचं म्हणजे प्रियांकावहिनीचं. आई, सकुबाई, त्याच घरात राहते, म्हणून ती मधे काय बोलत नाय. तिला तिथंच दिवस काढायचेत.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. हे मला वेगळं मोजायला लागलं नाय, घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते सांगितलं जायचं. पाहुणा पाण्याचा तांब्या तोंडाला लावतोय तोवर दादा बोलायचा, "तीन वर्षं झाली हिला इकडं येऊन." असा बोलायचा, जशी काय म्हैस तीन वर्षं आटलेली आहे आणि तरी तो तिला वैरण घालतोय. मग वहिनी म्हणायची, "काय करणार, आपलंच माणूस." मग पाहुणा माझ्याकडं बघून च् च् करायचा, आणि मी त्याच्यासाठी चहा ठेवायला आत जायची.

आता आमच्याकडची सावड सांगते, नाय तर पुढचं कळायचं नाय. आवणीच्या दिवसात, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसात, मजूर मिळत नाय. मग घरं एकत्र येतात. आज तुमच्या घरच्या बाया आमच्या भातखाचरात, उद्या आमच्या बाया तुमच्या. पैशाचं नाव नाय. ज्या घरानं जेवढे हात घेतले तेवढे परत द्यायचे, एवढाच कायदा. आमच्या घरचे हात म्हणजे कागदोपत्री दोन, वहिनी आणि मी. पण ज्येष्ठ लागला की वहिनीची कंबर धरते आणि गणपतीच्या खरेदीला सुटते. मग दोघींचं मी एकटी लावायची. ज्यानं एक दिवस बोलावलं त्याच्याकडं मी दोन दिवस जायची. तीन पावसाळे पाठीवर पावसाचं इरलं घेऊन मी गावातलं एक खाचर सोडलं नाय. दादा बांधावर उभा राहून बघायचा आणि बोलायचा, "आमच्याकडनं कधी कमी पडत नाय हां."

तर क्लास. क्लासात आमी चौघं. किन्हवलीचा ऋतिक, ज्याला बारावीनंतर घरच्यांनी 'काहीतरी कर' म्हणून सोडलेला. भातसानगरचा ओमकार, बाप धरणावर नोकरीला, म्हणून याला वाटायचं मुंबईला पाणी हाच पाजतो. वरच्या पाड्यावरची रोशनी, घरी वेगळी बोली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, आता ही चौथी. ती बोलायची, "मला काय, दर दोन इयत्तांनी नवीन भाषा लागतेच." आणि मी, सगळ्यांची समीक्षाताई.

सरांचा सिद्धांत होता की स्पॅनिश भाषेत खरं क्रियापद एकच आहे, येबार. बाकीची उगाच आहेत. पहिला महिना ते त्याला लेवार म्हणायचे. एक दिवस मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघून आले आणि बोलले, "आजपासून येबार म्हणायचं. स्पेननं बदललं." आमी वहीत बदललं. स्पेननं बदललं तर आपण कोण.

खरं सांगायचं तर सरांची अर्धी गोष्ट खरी होती. या येबारचा अर्थ विचारला तर एक अर्थ म्हणून सांगता येत नाय. पोतं उचलून न्यायचं तर येबार. माणसाला स्टेशनवर सोडायचं तर येबार. अंगात शर्ट आहे, तर येबार. भाजीत मीठ आहे, तर येबार. हा रस्ता मुरबाडला जातो, तर रस्ता पण येबारच करतो. आणि तुमी एखाद्या ठिकाणी किती वर्षं आहात हे सांगायचं, तर तिथं पण येबार, तेवढी वर्षं जणू तुमी उचलून चालला आहात. कोणाशी पटतं हे सांगायला पण तेच. तो अर्थ मात्र आमच्यातल्या कोणाला उपयोगाचा नव्हता.

फळा भरला. सरांनी हात झटकले आणि बोलले, "हे सगळं पाठ करा. ज्येष्ठात कंपनीची मुलाखत आहे, मोबाइलवर."

फळ्याकडं बघून ऋतिकचा चेहरा उतरला. तेव्हा ओमकारनं ती अक्कल काढली. "सर, सगळ्यांनी सगळं कशाला करायचं? सावड करू या. एकेकानं एकेक अर्थ लावायचा. मुलाखतीत ज्याला जो प्रश्न येईल, त्या अर्थाचा माणूस मोबाइलच्या मागं उभा राहून त्याला सांगेल. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या."

तुमाला हसू येईल. आमच्यातल्या कोणाला आलं नाय. आमच्याकडं घर शाकारायचं तर असंच, लग्नाचा मांडव असाच, कॉलेजातली जर्नलं पण अशीच झालेली. एका माणसानं सगळं एकट्यानं करायचं असतं, ही कल्पनाच आमच्या गावात अजून आलेली नाय. सर तर एवढे खूश झाले की बोलले, "याला म्हणतात टीमवर्क."

वाटणी झाली. ऋतिकनं पोतं घेतलं, त्याला तेवढं झेपण्यासारखं होतं. ओमकारकडं बाइक होती, त्यानं माणसाला सोडायचं घेतलं आणि मुरबाडचा रस्ता पण घेतला. रोशनीनं कपडे आणि जेवणात काय असतं ते घेतलं. मला राहिलेलं आलं. किती वर्षं झाली, ते.

"समीक्षाताई, तुमाला तेच बरं," ओमकार बोलला. "तुमाला तीन वर्षं झालीच ना इकडं. पाठ करायला नको."

त्याला मारावंसं वाटलं. पण पोरगं वाईट नव्हतं, त्यानं गावात जे ऐकलं तेच तो बोलला. मी वहीत लिहिलं. येबो त्रेस आन्योस आकी. तीन वर्षं इथं आहे. माझी सावडीतली वाटणी एका ओळीत संपली.

मग सुरू झालं नेहमीचं. ऋतिकला पाठ केलेलं ऐकवायला कोणीतरी हवं होतं. "समीक्षाताई, तुमी रिकाम्याच आहात." ओमकारला फोनवर सराव करायला कोणीतरी हवं होतं. "ताई, तुमचं तर काय एकच वाक्य आहे." म्हणून मी एसटी स्टँडवर उभी राहून ऋतिकची पोती उचलायची, फोनवर ओमकारच्या बाइकवर बसून स्टेशनला जायची. रोशनी तेवढी वेगळी. ती मला ऐकवायची आणि मग विचारायची, "आता तुझं बोल गो." मी म्हणायची, माझं काय, तीन वर्षं. ती म्हणायची, "तीन वर्षं काय केलंस ते बोल. नुसती वर्षं काय?" तिला उत्तर द्यायला मला स्पॅनिश यायचं नाय. मराठीत येत होतं, पण ते एसटी स्टँडवर बोलण्यासारखं नव्हतं.

घरी वेगळी करमणूक. जेवताना दादा विचारायचा, "आज काय शिकवलं?"

"येबार," मी बोलायची.

"गेल्या महिन्यात काय शिकवलं होतं?"

"येबार."

दादा वहिनीकडं बघायचा. वहिनी भाकरी मोडत बोलायची, "हिचं दुसरं क्रियापद होईपर्यंत मी आजी होईन." मग दोघं हसायचे. आई ताटात बघायची. मी पण एकदा हसले, कारण विनोद चांगला होता. पण मला राग आला होता, आणि राग आला की मी भांडी जोरात घासते. त्या उन्हाळ्यात आमची भांडी आरशासारखी होती.

मुलाखतीच्या दिवशी सरांनी खोली झाडून घेतली होती. भिंतीवर बैलाचं एक चित्र लावलं होतं, स्पेनला बैल आवडतात म्हणून. टेबलावर मोबाइल, मागं खुर्ची, आणि मोबाइलच्या पलीकडं सावडीची माणसं कुठं उभी राहणार त्याच्या खडूनं खुणा. सरांनी अगरबत्ती पण लावली. पहिला ऋतिक बसला. बाकीचे आमी आपापल्या खुणेवर.

फोन लागला. आधी कंपनीचा एक मुलगा आला, हिंदीत बोलणारा. तो बोलला, "मोबाइल उठाके पूरा कमरा घुमाके दिखाओ."

ऋतिकनं मोबाइल उचलला आणि गोल फिरवला. त्याला वाटलं, खोली चांगली आहे का ते बघतायत. त्यानं आमाला पण दाखवलं. ओमकारनं कॅमेऱ्याला नमस्कार केला. टेबलाखाली लपायचं ठरलेले सर टेबलाखालीच सापडले.

कंपनीचा मुलगा बोलला, सगळे बाहेर जा, एकेकच आत येईल, दार लावून.

अशी आमची सावड फुटली. खोलीची भिंत प्लायवुडची होती, बाहेर जिन्यावर बसून सगळं ऐकू येत होतं. आत मोबाइलवर एक बाई आली, स्पेनची, मार्ता नावाची. आवाज गोड होता. तिनं ऋतिकला विचारलं, किती वर्षं इथं राहतोस. ऋतिक बोलला, मी पोतं नेतो. तिनं विचारलं, आज अंगात काय घातलंस. ऋतिक बोलला, मी पोतं बाजारात नेतो. बाईनं सोपं केलं, बरं, पोत्यात काय आहे? ऋतिकनं विचार केला आणि बोलला, पोतं.

ओमकार आत गेला. प्रश्न पुरा व्हायची वाट न बघता त्यानं मार्ताबाईला बाइकवर घेतली आणि आसनगाव स्टेशनला सोडली. तिनं दुसरा प्रश्न विचारला तर त्यानं तिला परत आणून परत सोडली. तिसऱ्या वेळी बाई बोलली की तिला कुठं जायचं नाय. ते त्याला कळलं नाय, त्यानं मुरबाडचा रस्ता सांगितला.

रोशनी घाबरली होती, पण तिनं तिच्या आईच्या भाकरीत काय असतं ते नीट सांगितलं. मग तिच्या आईच्या लुगड्याचा रंग सांगितला. बाकीच्या प्रश्नांना सरळ बोलली, मला हे माहीत नाय. मार्ताबाई हसली, पण चांगलं हसली. दिवाळीनंतर परत ये, बोलली.

मग मी. दार लावताना मी मनात म्हणत होते की हे नाय झालं तर आवणी, मग भाताची झोडणी, मग परत आवणी. मग चार वर्षं झाली. मग पाच. माझ्याकडं दुसरा बोर्ड नव्हता.

मार्ताबाईनं विचारलं, काय घातलंस. मी सांगितलं. जेवणात काय होतं, सांगितलं. स्टेशनला कोण नेतं, सामान कोण उचलतं, रस्ता कुठं जातो, सगळं सांगितलं. मला काय वेगळी अक्कल नव्हती. मी चार महिने सगळ्यांच्या खाचरात राबले होते, त्यांचं त्यांनी ऐकवलं आणि माझ्या डोक्यात राहिलं. एवढंच.

तिनं विचारलं, इथं किती वर्षं? माझं वाक्य. येबो त्रेस आन्योस आकी, भावाच्या घरी.

मग तिनं एक प्रश्न विचारला जो आमच्या फळ्यावर नव्हता. "किएन येबा ला कासा?"

किएन म्हणजे कोण, ते माहीत होतं. कासा म्हणजे घर. मधे आपलं येबार. घराला काय करतं कोण? नेतं? घालतं? घर काय पोतं आहे? आणि मग मला पहाटेची चूल दिसली, आईचे गुडघे चोळायचं तेल दिसलं, म्हशीची वैरण, वहिनीच्या वाटणीचं खाचर, पाहुण्यांचा चहा. घर कोण उचलतं, असं ती विचारत होती. घर कोण चालवतं.

"यो," मी बोलले. मी.

मला रडू आलं. ते मी मराठीत कधी बोलले नव्हते. मराठीत ते बोलायला तोंड उघडलं की समोर दादा असायचा. मार्ताबाईला वाटलं मला प्रश्न अवघड गेला, ती बोलली, शांतपणे घे. मी डोळे पुसले आणि तिला परत सांगितलं, न विचारता. घर मी चालवते. तीन वर्षं मी चालवते.

नोकरी लागली. माझं बाकीचं स्पॅनिश कच्चं आहे, पण ऐकलेलं समजतं, कच्चं आहे ते कंपनी शिकवून घेईल, असा मेसेज आला. स्पेनातल्या लोकांच्या न पोचलेल्या पार्सलच्या तक्रारी ऐकायच्या. तक्रारी ऐकायचा मला अनुभव होता.

चार दिवसांत शहापूरच्या चौकात बॅनर लागला. माझा कॉलेजातला फोटो, शेजारी सर कोट घालून, खाली 'जिद्दीला सलाम', आणि 'आमच्या क्लासची यशाची परंपरा'. परंपरा म्हणजे मी. घरी पण वारं फिरलं. दादा पाहुण्यांना सांगायला लागला, "मीच पाठवली तिला. म्हटलं, शीक." वहिनी बोलली, "आपलंच माणूस." शब्द तेच होते, फक्त आता च् च् करणारे पाहुणे वा वा करत होते. चहा मात्र मीच ठेवत होते.

मग कामावर हजर व्हायची तारीख आली. सोमवार. ठाण्यात बायकांच्या होस्टेलात जागा पण मिळाली. मी घरात सांगितलं.

दादाचा हात ताटात थांबला. "सोमवारी? सोमवारी गुणाबाईकडं आवणी आहे."

आता आमची शेतं ओढ्याकाठी, पाणी लवकर लागतं, म्हणून सावडीत पहिली आवणी दरवर्षी आमची. त्या आठवड्यात गुणाबाई आणि तिच्या सगळ्या बाया येऊन आमचं लावून गेल्या होत्या. म्हणजे घेणं झालं होतं, देणं सगळं बाकी होतं. आणि ते देणं म्हणजे मी होते. दादानं माझे हात पुढच्या सगळ्या खाचरांत आधीच देऊन टाकले होते, मला न विचारता. तसं त्यानं कधीच विचारलं नव्हतं.

"कंपनीला सांग, आवणी झाल्यावर येते," दादा बोलला.

"कंपनी स्पेनच्या लोकांची आहे. त्यांच्याकडं आवणी नसते."

"मग सोड ती नोकरी. दुसरी मिळेल. घराची अब्रू आहे का नाय? लोक म्हणतील, भगीरथनं हात घेतले आणि दिले नाय."

वहिनी बोलली, "आणि माझी कंबर तर बघताच तुमी."

तीन वर्षं मी जावं म्हणून हे लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आता जाते म्हटल्यावर त्यांना कळलं की मी गेले तर भात लागणार नाय. मला हसू यायला पाहिजे होतं. राग आला, असला राग की कानात गरम झालं.

"दादा," मी बोलले, "तीन वर्षं तू लोकांना सांगितलंस मी इथं बसून खाते. बसून खाणारं माणूस गेलं तर तुझं काय अडतं?"

दादा ताटावरून उठला. "बघू. गुणाबाई येईल रविवारी, तीच सांगेल तुला."

त्याला खात्री होती. गुणाबाई म्हणजे आमच्या सावडीची मुकादम. तिच्यासमोर सरपंच पण नीट बोलतो. तिच्या खाचरातून जो फिरला त्याच्या खाचरात पुढच्या वर्षी कोण येत नाय. खरं तर मी पण घाबरले होते. तिचे हात आमी घेतले होते, आणि ते परत न देता जाणं मला पण पटत नव्हतं. रात्री बॅग भरत होते आणि परत काढत होते.

रविवारी संध्याकाळी ती आली. ओटीवर बसली, तंबाखू मळली. दादानं तिला खुर्ची दिली, तिनं घेतली नाय. मी चहा आणला.

"उद्याचं विचारायला आले," ती बोलली. "तुमच्याकडनं दोघी ना?"

दादानं गळा साफ केला. "गुणाबाई, हिला तुमीच सांगा. ही चालली ठाण्याला. तुमच्याकडनं हात घेतले आणि आता ही चालली. अशी चालते का सावड?"

गुणाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग चहा पिला, सगळा, शांतपणे. मग दादाला बोलली, "हात कोणी घेतले?"

"आमी. घरानं."

"खाचर कोणाच्या नावावर हाय?"

दादानं रिकामी खुर्ची भिंतीला लावली.

"तिच्या नावावर खाचर नाय, बांध नाय, ओंजळभर भात नाय. मग तिची सावड कसली? ती तीन पावसाळे तुझी फेडत होती. एकदा नाय दोनदा, एका माणसानं दोन माणसांची. आमी बघत नाय का? आमाला डोळे नाय?" तिनं कपबशी खाली ठेवली. "ती मोकळी हाय. देण्याची बाकी तुझ्या घराची हाय. उद्या उजाडताना प्रियांकाला पाठव."

"तिची कंबर," दादा बोलला.

"मग तू ये."

आत वहिनीच्या हातातून काहीतरी पडलं. आई इतकी वर्षं मधे बोलली नव्हती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, ती बोलली, "इरलं माळ्यावर हाय रे भगीरथ. काढून ठेव."

दादानं माझ्याकडं बघितलं. माझी वाट बघत होता तो. मी नेहमीसारखं बोलावं, की जाऊ दे, मी थांबते, तू नको चिखलात जाऊ. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, खोटं कशाला बोलू. सवय वाईट. मी रिकामी कपबशी उचलली आणि वहिनीच्या हातात नेऊन दिली.

सोमवारी सकाळची एसटी गुणाबाईच्या खाचराला लागूनच जाते. बाया ओळीनं वाकलेल्या होत्या, आणि ओळीच्या मागं, एकटाच, दादा. इरलं उलटं घातलं होतं. त्यानं लावलेली रोपं आडवी पडत होती, आणि एक बाई मागं येऊन ती उपटून परत लावत होती, त्याला काय न बोलता. गाडीचा आवाज आला तसा तो कंबरेवर हात ठेवून सरळ झाला आणि खिडक्या बघायला लागला. त्याला मी दिसले. तोंडावर चिखल होता, त्यामुळं तो रागावलाय का रडवेला झालाय ते कळलं नाय. मला वाईट वाटलं, माझा भाऊ आहे तो. पण उतरावंसं वाटलं नाय.